खिंडीतला वारा

“...आणि समजा बुवा, खिंडीतच विझली तर?”

केरबानं हे तिसऱ्यांदा विचारलं होतं.

बुवा धुनीतली राख चाळत होते. वर न बघताच म्हणाले, “विझली तर विझली. परत यायचं, धुनीवरनं पुन्हा पेटवायची. रिवाज तुला ठाऊक हाय.”

“आणि ज्याच्या हातात विझली त्यानं?”

“त्यानं पुन्हा ज्योतीला हात लावायचा न्हाई.”

“जन्मात?”

“जन्मात.”

केरबाच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते काही काळजीचं नव्हतं. उपाशी माणसाला शेजारच्या घरातून फोडणीचा वास यावा, तसं काहीतरी होतं.

नवरात्राची ज्योत डोंगरावरच्या या मठातून निघते आणि पळत पळत खालच्या गावात देवीपुढं जाते. मंडळाची पोरं टप्पे वाटून घेतात. खिंडीचा टप्पा मात्र एकट्याचा. तिथं गाडी जात नाही आणि जोडीदारानं जायचं नाही. खिंडीतून ज्योत जो बाहेर काढील, तोच ती वेशीतून आत नेतो. बाया त्याच्या पायांवर पाणी घालतात, त्याला ओवाळतात.

सहा वर्षं ते पाय केरबाचे होते.

यंदा ज्येष्ठात पळताना तो बांधावरून घसरला आणि टाचेवरची शीर तुटली. डॉक्टरांनी शिवली, प्लास्टर घातलं, काढलं आणि बजावलं, “वर्षभर पळायचं नाव काढू नकोस, नाहीतर कायमचा लंगडशील.” मंडळानं खिंड पिराजीला दिली. उद्या पहाटे निघायचं होतं.

आता पिराजी काही वैरी नव्हता. एका तालमीतला, एका ताटात जेवलेला. पण दुखणं नेमकं तिथंच होतं. परक्याचं बरं झालेलं माणूस एकवेळ पचवतो. जोडीदाराचं झालं की पोटात दुखतं, आणि त्या दुखण्यावर काढा मिळत नाही. म्हणून तर हा गडी काठी टेकत, निम्म्या पायऱ्या बसून चढत, दुपारीच मठात येऊन बसला होता.

“झोप लागत न्हाई, बुवा.”

“पाय ठणकतो?”

“पाय न्हाई...”

बुवांनी वर पाहिलं.

“रोज पहाटे पाचला तो माझ्या दारावरनं पळत जातो. मी खाटेवर पडून पावलं ऐकतो त्याची. डावं पाऊल जड टाकतो. वडाजवळ पोचला की दम कोंडतो. पाच मैल जाऊन उजाडता उजाडता परत येतो. आणि लोक म्हणतात, केरबापेक्षा भारी पळतो! बायको माझी, ती बी परवा म्हणाली, पिराजीभावजी झोकात पळतात की.”

“मग?”

“मग काय? जेवलो न्हाई त्या दिवशी.”

बुवांनी मान डोलावली. “म्हंजे पळतो तो आणि दमतोस तू.”

केरबाला हसू आलं नाही. तो जळत होता, आणि जळणाऱ्या माणसाला आपल्या जळण्याची थट्टा सोसत नाही.

“घरी बी आला होता,” तो म्हणाला. “केळी घेऊन.”

“बरं केलं.”

“विचारत होता, खिंडीचं काही सांग म्हणून.”

बुवांचा हात राखेत थांबला.

“काय सांगितलंस?”

केरबानं काठीनं जमिनीवर रेघ ओढली. पुसली. पुन्हा ओढली.

“म्हटलं, सांगण्यासारखं काय हाय त्यात? सरळ वाट. मशाल उंच धर आणि नाकासमोर पळत सुट.”

“खरं सांगितलंस?”

केरबानं रेघ पुन्हा पुसली.

मग एकाएकी केरबानं दुखरा पाय बुवांपुढं पसरला. “अंगारा लावा, बुवा. उद्यापुरता पळू दे मला. मग तुटला तर तुटू दे. दुसऱ्याच्या पायावर पाणी पडताना मला बघवणार न्हाई.”

“पळायचं हाय?”

“व्हय!”

“मग आधी उभा राहा.”

बुवांनी कोपऱ्यातली मशाल घेतली, काकड्यावर तेल ओतलं आणि धुनीवर धरली. ती भपकन पेटली. केरबाच्या हातात देऊन त्यांनी त्याला अंगणाच्या पार टोकाला, कड्याच्या बाजूला उभं केलं.

“धरून ठेव. मी विहिरीवरनं पाणी घेऊन येतो.”

आणि बुवा गेले.

एका हातात काठी, एका हातात मशाल. केरबाला वाटलं, बुवांनी आपल्याला खुळ्यात काढलं. सहा वर्षं ज्योत नेणारा माणूस, त्याला खांबासारखं उभं करून ठेवलं!

मग कड्याखालून वारा उठला.

पहिल्या झोतालाच ज्योत आडवी झाली. काकड्याला चिकटून निळी पडली. केरबाच्या हातातली काठी केव्हाच खाली पडली होती. तो अंगातून वळला, खांदा वाऱ्याला दिला, मशाल छातीशी ओढली आणि दुसऱ्या हाताचा आडोसा केला. सगळा भार दुखऱ्या पायावर आला. कळ मस्तकात गेली. केसांचा जळका वास सुटला. त्यानं ओठ दाताखाली धरला, पण मशाल हलू दिली नाही.

दुसरा झोत आला. तिसरा आला...

वारा पडला. ज्योत हळूहळू सरळ झाली.

केरबानं मान वळवली. बुवा दारातच उभे होते. हातात घागरबिगर काही नव्हतं.

“विझू द्यायचीस,” ते म्हणाले. “पायाला केवढी कळ आली असंल. कुणी बघत बी नव्हतं.”

“अशी कशी विझू देऊ?” केरबा धापा टाकत होता. “माझ्या हातात होती, बुवा!”

“व्हय. तुझ्या हातात होती.”

बुवा जवळ आले. पडलेली काठी उचलून त्यांनी केरबाच्या काखेत दिली आणि मशाल आपल्याकडं घेतली.

“आता हिला रातभर विझवत न्हाई मी. उद्या पिराजीला द्यायची ती हीच.”

केरबानं मशालीकडं पाहिलं. छातीवरचे चार केस जळले होते, तिथं चुरचुरत होतं. एवढी राखली ती पिराजीसाठी? त्याच्या अंगाचा तिळपापड झाला. तोंडापर्यंत शिवी आली होती.

इतक्यात खाली पायऱ्यांवर गलका झाला. मंडळाची पोरं मुक्कामाला येत होती. त्या सगळ्या आवाजांत एक हसणं केरबानं लगेच ओळखलं. डावं पाऊल जड पडत होतं, तेही त्याला ऐकू आलं. शंभर पायऱ्या असतील अजून.

तो ऐकत राहिला.

ऐंशी...

साठ...

“हेवा वाटतो, बुवा,” तो म्हणाला. “लई वाटतो. त्याच्या हातात विझावी म्हणून देवीला नवस बोललोय मी.”

बुवांनी मशाल वाऱ्याआड केली.

“विझणारच हाय ती. मी सांगितलं तसा पळाला तर शंभर टक्के विझणार.”

पायऱ्यांवरचं हसणं आणखी वर आलं.

“खिंडीत सरळ वाट न्हाई,” केरबा घाईघाईनं, हळू आवाजात सांगू लागला. “मधल्या वळणावर वारा दरीतनं वर येतो, असाच, आत्ता आला तसा. तिथं मशाल उंच धरायची न्हाई. छातीशी घ्यायची. उजवा खांदा दरीला द्यायचा. आणि...”

तो अडखळला. पुढचं त्यानं आजवर कुणाला सांगितलं नव्हतं, बायकोलाही नाही.

“आणि पळायचं न्हाई. चालायचं. चाळीस पावलं, एकेक, म्हाताऱ्यासारखी. मी सहाच्या सहा वर्षं तिथं चाललोय, बुवा. वळण पार केलं की मग पळायचो. लोकांना वाटतं, केरबा खिंड एका दमात मारतो. एकदा बी मारली न्हाई.”

त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. पुसायला हात मोकळा होता, पण त्यानं पुसलं नाही.

पायऱ्यांवरचा आवाज अगदी जवळ आला. कुणीतरी “अलख निरंजन” म्हणून हाक दिली.

बुवांनी मशालीवर तेलाचे चार थेंब सोडले. मग केरबाकडं पाहून म्हणाले,

“हे मला कशाला सांगतोस? मला कुठं पळायचंय?”