फळीवरचं विरजण

गाड्यांनी नुकतंच धूर सोडायचं थांबवलं होतं, त्या काळची गोष्ट. कुसुमवहिनींच्या विजेच्या स्कूटरची बॅटरी थकली. वहिनींनी नवी बसवली आणि जुनी स्वयंपाकघरातल्या फळीवर ठेवली. "असू दे, लागेल कधीतरी."

बॅटरी सुखावली. पण जुन्या बॅटऱ्या गोळा करणारा टेम्पो गल्लीत आला, की ती फळीवर अंग चोरून बसायची.

"तो मला फोडेल, वितळवेल," ती शेजारच्या वाटीतल्या विरजणाला म्हणाली. "माझ्या पोटातला धातू सातासमुद्रापलीकडच्या खाणीतून आलाय. मी नाही देणार!"

"अगं बाई, मी तरी कोण? कालच्या दह्याचा शेवटचा चमचा," विरजण म्हणालं. "दही कितीही गोड असो, वहिनी तेवढं मागे ठेवतात. पण इथेच बसून राहिलो, तर नासून जाऊ. दुधात उतरलं, की उद्या भांडंभर आपणच."

बॅटरीने रात्रभर यावर विचार केला. सकाळी टेम्पोचा भोंगा ऐकताच तिने उरलासुरला जीव एकवटून अंगावरचा चार्ज दाखवणारा इवलासा दिवा लुकलुकवला. वहिनींचं लक्ष गेलं.

"अगंबाई, ही उगाच ठेवून घेतली की! देऊनच टाकते."

काही वर्षांनी वहिनींच्या स्कूटरला पुन्हा नवी कोरी बॅटरी आली, जुन्या बॅटऱ्यांच्या धातूतून घडवलेली. बसवण्याआधी वहिनींनी ती घटकाभर फळीवर टेकवली.

"काय रे विरजणा, तू तेव्हाचंच ना?" बॅटरीने शेजारच्या वाटीला विचारलं.

"तेव्हाचंच," विरजण हसलं. "आणि तूही."