वाढप्याची नजर

"मग ते शिकायला का येत नाहीत, बाबा?"

प्रश्न दिवाण श्रीपतरावांचा होता. घोड्यावरून उतरल्या उतरल्या, तांब्यातलं पाणीही न पिता त्यांनी तो केवलगिरी बाबांसमोर ठेवला. याच मठात, याच बाबांच्या हाताखाली ते शिकले होते. आता सगळं राज्य त्यांच्या शब्दावर चालत होतं, आणि ते त्यांच्या मानेच्या ताठ्यावरून कुणालाही कळलं असतं.

बाबा ओसरीवर पत्रावळी टाचत बसले होते.

"कोण शिकायला येत नाही?"

"आपली प्रजा! तीन वर्षं झाली, घरटी धान्य जातंय. औषध फुकट. डोक्यावर छप्पर नाही असा माणूस राज्यात दाखवा. कल्पना माझी होती बरं का, बाबा. मीच महाराजांना म्हटलं, पोटाची चिंता मिटली की माणूस नफ्यातोट्याच्या पलीकडे बघेल, विद्येच्या मागे लागेल. गावोगाव ग्रंथशाळा उघडल्या."

"मग?"

"मग काय! वाण्यानं दुसरं दुकान टाकलं. निम्मं गाव पारावर सोंगट्या खेळतंय. ग्रंथशाळेत पंतोजी माश्या मारत बसलेत."

बाबांना हसू आलं. "कुणीच येत नाही?"

"येतात. शंभरात तीन."

"बरेच म्हणायचे."

श्रीपतरावांना ते लागलं. त्यांनी अंगरख्यातून एक कागद काढला.

"नवा हुकूम लिहिलाय. जो शिकेल, परीक्षा देईल, त्यालाच धान्य. बाकीच्यांचं उद्यापासून बंद. महाराज म्हणाले, बाबा हो म्हणाले तरच मोहोर उठवीन. तुम्ही नुसतं हो म्हणा."

बाबांनी कागद घेतला नाही. काडी पानात खोचत त्यांनी विचारलं, "मग सगळे शिकतील?"

"शिकावंच लागेल."

"कशासाठी?"

"धान्यासा..."

दिवाणजी थांबले. बाबा पुढची पत्रावळ टाचू लागले.

तेवढ्यात जेवणाची घंटा झाली.

"हुकुमाचं नंतर बघू," बाबा उठत म्हणाले. "आज तू वाढ. दंडक आठवतोय ना?"

"न आठवायला काय झालं? वाढणाऱ्यानं पानाकडे बघायचं, तोंडाकडे नाही."

श्रीपतरावांनी जरीचं उपरणं कमरेला खोचलं आणि भाकरीची टोपली उचलली. मठाच्या पंगतीला कुणालाही मज्जाव नव्हता. वाटसरू, शिष्य, आजूबाजूचे लोक, सगळे अंगणात मांडी घालून बसले होते. बाबाही मधेच कुठेतरी बसले.

अर्धी पंगत नीट झाली. मग एका पानाशी भाकरी घ्यायला हातच पुढे येईना, म्हणून दिवाणजींनी मान वर केली.

समोर धोंडबा कोष्टी बसला होता. तोंड उघडं, डोळे वर जांभळाच्या फांदीवर.

"अरे, हा तर तो!" श्रीपतराव उसळले. "घरी धान्य येतंय म्हणून यानं माग बंद केला. तीन वर्षं नुसता कावळ्यांची घरटी बघत हिंडतोय. ग्रंथशाळेचं तोंड पाहिलं नाही, आणि इथे जेवायला बरा आला!"

त्यांनी भाकरी मोडली, अर्धी त्याच्या पानावर टाकली आणि पुढे सरकले.

धोंडबानं मान खाली घातली.

बाबा आपल्या जागेवरून उठले. स्वतःच्या पानावरची भाकरी त्यांनी धोंडबाच्या पानावर ठेवली, त्याची अर्धी आपल्याकडे घेतली आणि पुन्हा येऊन बसले.

जेवणं झाली. हात धुताना श्रीपतराव हळू आवाजात म्हणाले, "चुकलो. मान वर केली. पण बाबा, खरं सांगा, घरट्यांत तो बघतो तरी काय?"

"मला ठाऊक नाही. त्यालाही अजून ठाऊक नसावं."

"आणि आयुष्यभर कळलंच नाही तर?"

बाबा अंगणातल्या जांभळाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "तू आलास तेव्हा या झाडाचा बुंधा मिठीत मावायचा."

श्रीपतरावांचा चेहरा उतरला.

ते आले तेव्हा सोळा वर्षांचे होते. पहिली दोन वर्षं त्यांनी याच झाडाखाली झोपून काढली होती. पाठाला नाही, कामाला नाही. जेवणाची घंटा झाली की तेवढे उठायचे. शिष्य कुजबुजायचे, याला हाकलत का नाहीत? तिसऱ्या वर्षी एका दुपारी झोप येईना, म्हणून त्यांनी शेजारी पडलेली पोथी उघडली होती.

तेव्हा पंगतीला बाबा स्वतः वाढत.

हुकुमाचा कागद पुन्हा बाहेर काढून त्याची घडी श्रीपतराव उगाच उलटसुलट करत राहिले. ताठा गेला होता, पण सगळाच नव्हे. एक आशा अजून उरली होती. ते म्हणाले,

"दोन वर्षं, बाबा... दोन्ही वेळा पूर्ण भाकरी वाढलीत मला. हा पोरगा पुढे शिकणार, हे तुम्ही तेव्हाच ओळखलं होतं ना?"

"छे रे," बाबा म्हणाले. "मी पानाकडे बघत होतो."