मनासाठी एक खोली

"म्हणजे तिकडे मनाला घड्याळ लावलं म्हणतोस?"

केवलगिरी बाबांनी डाळिंब सोलता सोलता विचारलं.

समोर डॉक्टर विश्वंभर दाणी बसला होता. आईबाप गेल्यावर हा पोरगा आमच्या तापीकाठच्या मठातच वाढला, बाबांच्या पायाशी बसून अक्षरं गिरवली. पुढे जर्मनीला जाऊन मनाचं शास्त्र शिकून आला. आता गळ्याला टाय होता आणि बोलण्यात तोरा.

मी खंडू, मठाचा आचारी. खरं सांगतो, मला त्याचा रागच आला होता. इतक्या वर्षांनी आलास, 'बरे आहात का बाबा?' असं विचारशील की नाही? आल्या आल्या मागितली ती भजनाची खोली!

"हो, घड्याळ," डॉक्टर म्हणाला. "आजवर मनाबद्दल पंडितांनी नुसता खल केला. मोजून कुणी पाहिलं नाही. तिकडे एका साध्या खोलीत माणसाला बसवलं, समोर घड्याळ मांडलं, आणि हे शास्त्र स्वतःच्या पायावर उभं राहिलं."

"बरं झालं की."

"इथे कोण उभं करतंय? कॉलेजात रसायनाला खोली मिळते, झाडापानांना मिळते. मनाला खोली कशाला हवी, म्हणतात." त्याने टाय सैल केला. "बाबा, या उन्हाळ्यात प्रयोग सुरू झाले नाहीत, तर यंत्र विकून मला कुठेतरी इंग्रजी शिकवत बसावं लागेल. मठामागची ती खोली मिळाली तर..."

"तिथे भजन असतं," मी तोंड घातलंच. "बेडूक कापायची जागा नाही ती."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी मुकाट्याने डाळिंबाच्या साली गोळा करू लागलो.

"मला ठाऊक आहे, तुम्ही नाहीच म्हणणार," डॉक्टर उसळला. "यंत्राने मन मोजायचं म्हणजे धर्म बुडाला ना तुमचा! म्हणा नाही. मी तयारीनेच आलोय."

"आधी यंत्र तर दाखव," बाबा म्हणाले.

त्याने पेटी उघडली. आत चकचकीत घड्याळ, त्याला केसाएवढा बारीक काटा. शेजारी पितळेची पट्टी, तिच्यावर मारायची छोटी हातोडी, आणि बोटाने दाबून धरायची एक कळ. त्याने तारा जोडल्या.

"हातोडी पट्टीवर पडली की काटा धावतो. आवाज ऐकला की बोट उचलायचं. बोट उचललं की काटा थांबतो. सेकंदाचे हजार भाग दाखवतो हा."

बाबा लहान मुलासारखे सरसावून बसले. कळीवर बोट ठेवलं.

टोला पडला. बाबांचं बोट उठलं. मला तर दोन्ही एकदमच झाल्यासारखं वाटलं.

"बघा," डॉक्टरने काट्याकडे बोट दाखवलं. "इतका वेळ गेला."

"कुठे गेला?"

"आवाज कानात आला, मेंदूत पोचला, तुम्हाला कळला, मग बोटाला हुकूम सुटला. सगळ्याला वेळ लागतो, बाबा."

बाबा थबकले.

"म्हणजे टोला पडून गेला होता... आणि मला अजून कळायचा होता?"

"हो."

"आत्ता तू बोलतोयस, तेही?"

"तेही. तुमच्यापर्यंत थोडं मागूनच येतं."

"तुझा चेहरा? ही तापी?"

"सगळं."

बाबा कितीतरी वेळ त्या काट्याकडे बघत राहिले. त्यांचे डोळे भरून आले.

"खंडू, ऐकलंस का रे? जन्मभर डोळे मिटून बसलो. एवढी फट होती मध्ये, मला दिसली नाही. या पोराने दाखवली."

आणि त्यांनी त्या यंत्राला हात जोडले.

माझा राग कुठल्या कुठे गेला. अहो, शहारलोच मी. समोर नदी वाहतेय, आणि आपल्याला दिसते ती मघाची! केवढं हे आक्रीत, आणि आपण खुशाल भाकऱ्या थापत बसतो.

डॉक्टरची छाती मात्र फुगली. "ध्यानाला जे दिसलं नाही, ते घड्याळाला दिसलं. मान्य ना?"

"मान्य. एकदम मान्य," बाबा म्हणाले. "आता तू बस. हातोडी मी धरतो."

"मी?" तो हसला. "मी हजारदा बसलोय, बाबा. आमच्यात नवख्याला बसवतच नाहीत, मुरलेलाच माणूस लागतो. माझं बोट चुकायचं नाही."

"मग घाबरतोस कशाला? बस."

तो बसला. ताठ. बोट कळीवर.

"आधी 'तयार' म्हणायचं," त्याने समजावलं. "मग टोला."

बाबांनी हातोडी उचलली.

"तयार."

...

हातोडी वरच राहिली.

डॉक्टरचं बोट उठलं होतं.

काटा जिथल्या तिथे. बाबांचा हात हवेत.

डॉक्टरने काट्याकडे पाहिलं, मग आपल्या बोटाकडे.

"टोला... पडला ना?"

"नाही," मी म्हणालो.

"मला ऐकू आला." तो बाबांकडे वळला. "शपथ घेऊन सांगतो, बाबा. स्पष्ट ऐकू आला मला."

"आला असेल," बाबा म्हणाले. त्यांनी हातोडी हळूच खाली ठेवली. "असं कधीकधी होतं का तुमच्यात?"

"होतं. टोल्याआधीच बोट उठतं."

"मग त्याचं काय करता?"

"टाकून देतो. बिघडलेला प्रयोग... हिशेबातच धरत नाही."

नदीवर कुणीतरी धुणं आपटत होतं.

"खंडू," बाबा म्हणाले, "टाळमृदंग माझ्या खोलीत आणून ठेव. भजन तिथे करू. मागची खोली विशूची."

डॉक्टर बघतच राहिला. घरी आल्यापासून पहिल्यांदा तो वाकला आणि बाबांच्या पायांवर डोकं ठेवलं.

"मी भांडायलाच आलो होतो," तो पुटपुटला.

मग डोळे पुसून पुन्हा यंत्रापाशी गेला. "मघाचं ते सोडून देऊ. पहिल्यापासून नीट करू, बाबा. हा आता..."

बाबांनी त्याचं मनगट धरलं.

"सोडतोस काय, वेड्या... बाहेरून टोला आलाच नव्हता. आत्ता आला होता, तो तूच की!"