तीन कानांची भाकरी

कैरोत गाडीवर वाटीभर फूल घ्या, म्हणजे मंद आचेवर शिजवून घोटलेले बाकल्याचे, म्हणजे वालासारख्या शेंगेचे, दाणे, किंवा त्याच बाकल्याचे हिरवे वडे, तामिया, घ्या. सोबत ऐश आल्याशिवाय पोट भरले असे कोणी मानत नाही. आपल्याकडे ऐश म्हणजे चैन. मिसरी माणसाची ऐश म्हणजे भाकरी.

दक्षिणेला, नाईलकाठच्या कोम-अल-ऐश गावात ही भाकरी उन्हात फुगते. सकाळी गच्च्यांवर मातीच्या थाळ्यांत कणकेचे गोळे मांडलेले असतात. कडेला चिरा दिल्या, की भट्टीत त्यांचे चार कान उभे राहतात. पण ताटात पहिली येते ती तीनच कानांची भाकरी. चौथा कान चिमूटभर मिठासोबत दाराबाहेरच्या कोनाड्यात ठेवलेला असतो. पाहुणे विचारतात, उंदराने खाल्ला का? अम्म बस्तावी, म्हणजे गावचे बस्तावीकाका, त्यावर हसत नाहीत. पाहुण्यांना आधी बसवतात, पुढ्यात चहा ठेवतात आणि मग रतीबा नावाच्या बाईची हकिकत सांगतात.

फार पूर्वी म्हणे, विहिरीच्या पाण्यावरून गावाचे आणि वाळवंटातल्या भटक्या बदूंचे वाजले. त्या मारामारीत रतीबाचा नवरा गेला. मारणाऱ्याचे नाव सुवैलिम, एवढेच तिच्या कानावर आले. माणूस तिने पाहिला नव्हता. नवऱ्याच्या थडग्यावर हात ठेवून तिने शपथ घेतली, की सुवैलिमचे रक्त सांडेपर्यंत ऐशचा तुकडा तोंडात घालणार नाही. आंधळ्या सासूसाठी ती रोज भाजत असे. स्वतः मात्र खजूर आणि मसुरीच्या पाण्यावर राही. भट्टीचा वास आला की तिची भूक खवळे, आणि त्या भुकेतच नवरा आपल्याजवळ आहे असे तिला वाटे. दुःख सोडले तर तोही सुटेल, अशी तिला धास्ती होती.

एका दुपारी ती भट्टीतून भाकऱ्या काढत होती. दाराशी एक माणूस येऊन कोसळला. ओठ फुटलेले, अंगभर धूळ. त्याने एकच शब्द उच्चारला, "ऐश."

तिने विचारही केला नाही. हातातल्या गरम भाकरीचा एक कान मोडला, मिठात बुडवला आणि त्याच्या हातात दिला. त्याने त्यातला एक घास खाल्ला.

इतक्यात गल्लीत कालवा झाला. तिचा थोरला दीर दिय्याब लाठ्या घेतलेल्या माणसांना घेऊन येत होता आणि सगळे सुवैलिमच्या नावाने ओरडत होते. बाजारात त्याला कोणीतरी ओळखले होते. रतीबाने समोरच्या माणसाकडे पाहिले, तेव्हा तिला कळले, हाच तो.

त्यालाही आता कळले होते, की हे दार कोणाचे. म्हणाला, "बाई, आम्ही भाकरीला खुब्ज म्हणतो. आमच्यात ऐश म्हणजे जीव. मी तुझ्याकडे जीव मागत होतो."

दिय्याब दारात आला. सुवैलिमच्या हातातला मीठ लागलेला उष्टा तुकडा त्याने पाहिला आणि क्षणभर घुटमळला. ज्याच्याशी ऐश आणि मीठ वाटून खाल्ले त्याच्यावर हात उचलायचा नाही, हा त्या मुलखाचा कायदा. पण दिय्याब हुशार होता. म्हणाला, "वाटून कुठं खाल्लं? यानं एकट्यानं खाल्लं. तू खाल्लेलं नाहीस, आणि खाणारही नाहीस. तुझी शपथ सगळ्या गावाला ठाऊक आहे. रतीबा, बाजूला हो."

बाजूला होणे सोपे होते. इतके दिवस तिने याच घडीची वाट पाहिली होती. रतीबाला त्या माणसाची दया आली नाही, हे बस्तावीकाका मुद्दाम सांगतात. तिला त्याचा संतापच येत होता. पण दिलेला घास परत कसा घ्यायचा, हे तिला उमजेना. ती भाकरीकडे पाहत राहिली. मग तिने दुसरा कान मोडला, मिठात बुडवला आणि तोंडात घातला. तो तिने सगळ्यांसमोर चावून गिळला. डोळ्यांतून धारा लागल्या होत्या.

"यानं जीव मागितला, मी भाकरी दिली," ती म्हणाली. "आमच्याकडे दोन्हीला एकच शब्द आहे. आता जाऊ दे त्याला."

लाठ्या खाली आल्या. सुवैलिम गेला. रतीबाने दार लावून घेतले आणि नवरा गेल्यापासून दाबून धरलेले रडणे ती त्या दिवशी रडली, असे सांगतात.

तेव्हापासून रोजच्या पहिल्या भाकरीचा एक कान ती कोनाड्यात ठेवू लागली, आणि तिचे पाहून सारा गाव. तो कान ज्याने उचलला, त्याच्या अंगाला गावात कोणी बोट लावायचे नाही.

पाहुणे शेवटी विचारतातच, म्हणजे तिने माफ केले? काका मान हलवतात. माफ नाही केले. दरवर्षी सुवैलिम वाळवंटातून मिठाची गोणी आणून तिच्या उंबऱ्याशी ठेवी आणि तिथेच उभा राही. ती दार उघडत नसे. तो लांब गेला, की बाहेर येऊन मीठ मात्र घरात घेई.

आजही कोम-अल-ऐशमध्ये मीठ विकत आणत नाहीत. पेरणी आटोपली की एका सकाळी वाळवंटाच्या बाजूने सुवैलिमच्या वंशजांचे उंट येतात. गाव दारे लावून घेते. गोण्या उंबऱ्यांशी उतरतात आणि उंटवाले प्रत्येक दाराशी थोडा वेळ उभे राहतात. आत बायका भिंतीला पाठ लावून त्यांची पावले ऐकतात. मग उंटवाले कोनाड्यातला कान उचलतात, तिथेच उभ्याने खातात आणि निघून जातात.