फुटक्या बांगड्यांची माळ

वस्तूही माणसांसारख्या बोलायच्या, तेव्हाची ही गोष्ट. हौसानं फुटक्या बांगड्यांचे तुकडे जपून ठेवले होते. दारासाठी माळ करायची म्हणून ती एकेक तुकडा चिमट्यानं पणतीवर धरी, मऊ झाला की वाकवून दुसऱ्यात अडकवी.

हिरवा तुकडा काही वाकेना. म्हणाला, "एकदा फुटलो, आता वर चटकेही खाऊ?"

"नको खाऊस," पणती म्हणाली, "उकिरड्यावर जा एकटाच!"

तो घाबरला. "हळू हं, पणतीबाई!" म्हणत वाकला आणि लाल तुकड्याच्या गळ्यातच पडला.

संध्याकाळी दारात माळ किणकिणली. हिरवा वरून म्हणाला, "पणतीबाई, तुमचे उपकार! उकिरड्यावर कुणाच्या तरी पायात रुतलो असतो, आज येणारा मान वर करून बघतो."