खजिना एक, कुलपं दोन

“लोहाराला बोलवू का, बाबा?”

“कशाला?”

“ठमाजीचं कुलूप फोडायला.”

मेहताबशा फकीर वाकळ शिवत होते. सुईत दोरा जात नव्हता. त्यांनी वर पाहिलं नाही.

विचारणारे हेरंबराव राज्याचे खजिनदार. नदीकाठचे आणि डोंगरातले अकरा वर्षं लढले, दमले, आणि तहात ठरलं : खजिना एक, कुलपं दोन. एक किल्ली नदीकाठच्या हेरंबरावांकडे, दुसरी डोंगरातल्या ठमाजीकडे. दोघे मिळून आले तरच दार उघडायचं.

ठमाजी तीन वर्षं फिरकला नव्हता. त्याच्या कुलपाच्या भोकात चिमणीने घरटं केलं होतं. कुलूप केवढं असेल ते ज्याचं त्याने ठरवावं! हेरंबराव रोज उजाडताच दाराशी जाऊन बसत, भाकरीही तिथेच एकट्याने खात. दिवस मावळेपर्यंत त्यांच्याशी बोलणारी ती चिमणी तेवढी.

“दवाखान्याला छप्पर नाही, बाबा. बाळंतिणी उघड्यावर. आणि आत पैसा नुसता पडून आहे.”

“तो येत का नाही?”

“ताठा आहे त्याला.”

“हं...”

“म्हणजे... पहिल्याच दिवशी मी त्याची झडती घेतली. चारचौघांत. पागोटंसुद्धा सोडायला लावलं. खजिना आहे, बाबा! उद्या कमीजास्त झालं तर?”

“आणि तुझी झडती?”

“माझी?” हेरंबराव हसले. “माझी कोण घेणार?”

फकिरांनी झोळीत हात घातला. वीतभर लांब किल्ली काढून पुढे टाकली.

“ही तर ठमाजीची!”

“काल ठेवून गेला. म्हणाला, हेरंब कुलूप फोडणार असं ऐकलं, निदान लोहाराची मजुरी तरी वाचू दे.”

हेरंबरावांनी ती उचलली. कमरेची आपली किल्ली काढून शेजारी धरली. सगळं राज्य त्यांच्या एका मुठीत आलं होतं.

“म्हणजे आता... मी एकट्यानेच उघडू?”

“उघड की.”

“मोजताना समोर कोण?”

“कुणी नाही.”

“आणि डोंगरातले म्हणाले, हेरंबने खाल्ले... तर?”

फकिरांनी सुई-दोरा त्यांच्यापुढे केला. घे, ओवून दे.

हेरंबरावांनी तीनदा प्रयत्न केला. मग सुई दोन किल्ल्यांशेजारी ठेवून दिली.

“बाबा... तो आणखी काही म्हणाला?”

“विचारत होता, तू हल्ली जेवतोस कुणाबरोबर.”