मोगऱ्याचा फाया

एका मोठ्या बाजारपेठेच्या गावी एकदा एक अत्तराचा व्यापारी आपली मोटार घेऊन एका वृद्ध मिस्त्रीकडे गेला. मोटार पेट्रोलवर चालत होती. ती दाबाखालील नैसर्गिक वायूवर, म्हणजे लोक ज्याला सीएनजी म्हणतात त्यावर, चालावी अशी त्याची इच्छा होती. त्याची कन्या बाळंतपणासाठी माहेरी आली होती. बाळ आता तीन महिन्यांचे झाले होते आणि शुक्रवारी पहाटे मायलेकींना सासरी पोहोचवायचे ठरले होते. वाट सहा तासांची होती आणि मोटार व्यापारी स्वतः चालवणार होता.

मिस्त्रीने ते काम आपल्या शिष्याकडे सोपवले. शिष्य पस्तिशीचा होता. तंत्रनिकेतनाची पदविका मिळवून, एका कारखान्यातील बरी नोकरी सोडून, तो हाताचे कौशल्य शिकण्यासाठी मिस्त्रीकडे आला होता. त्याने चार दिवस खपून डिकीत टाकी पोलादी पट्ट्यांनी जखडली, तेथून इंजिनापर्यंत नळी नेली, वायूचा दाब उतरवणारे यंत्र बसवले आणि सर्व अकरा सांधे साबणाच्या फेसाने तपासल्याची नोंद पत्रकावर केली. सांधा गळत असेल तर फेसाला बुडबुडे धरतात. ही परीक्षा साधी असली तरी खोटे बोलत नाही.

गुरुवारी सकाळी व्यापारी मोटार नेण्यासाठी आला.

मिस्त्रीचा एक नेम होता. मालकाच्या हाती किल्ली देण्यापूर्वी तो कपाटातून एक लहानशी कुपी काढी, तिच्यातल्या अर्कात कापसाचा फाया किंचित टेकवी आणि मालकापुढे धरून म्हणे, "घ्या, वास घ्या." वायुकेंद्रात वायूमध्ये जो उग्र दर्प मिसळतात, त्याचा अंश त्या कुपीत होता. सडक्या अंड्यासारखा तो दर्प नाकात शिरताच लोक तोंड फिरवीत, मिस्त्रीला चार शिव्या देत आणि मग हसत. शिष्याला ही म्हाताऱ्याची लहर वाटे.

त्या दिवशीही मिस्त्रीने फाया पुढे केला. व्यापाऱ्याचे अवघे आयुष्य फाये देण्याघेण्यात गेलेले. कोणी फाया पुढे करावा आणि तो आदरातिथ्याखेरीज दुसऱ्या कशासाठी असावा, हे त्याच्या मनातही येणे शक्य नव्हते. त्याने तो दोन बोटांत नजाकतीने धरला, मनगटाला टेकवला, नाकाशी नेला आणि डोळे अर्धवट मिटले.

"वा, मिस्त्री! मोगरा. जरा हलका आहे, पण जातिवंत. तुमच्याकडे हा आला कुठून?"

शेठजी थट्टा करीत आहेत असे वाटून शिष्याने हसू लपवण्यासाठी पाठ फिरवली. मिस्त्री मात्र हसला नाही. पुढे केलेली किल्ली त्याने सावकाश आपल्या खिशात घातली.

"शेठजी, गाडी आत्ता देता येणार नाही. काम अपुरं आहे."

शिष्य चमकून वळला. "अपुरं? अण्णा, काय राहिलंय?"

"राहिलंय."

"अहो, काल तर तयार आहे म्हणून निरोप पाठवलात!" व्यापारी उसळला. "उद्या पहाटे निघायचंय. तिकडे व्याही वाट बघताहेत. गावात गॅस बसवणारे तुम्ही एकटेच आहात काय?"

"नाही, आणखी चौघे आहेत. खुशाल बोलवा त्यांना. पण माझ्या हातानं ही किल्ली तुम्हाला आत्ता मिळायची नाही."

"म्हणजे गाडी माझी आणि हुकूम तुमचा? ह्या तुमच्या पदविकावाल्यानं काहीतरी घोळ घातला असणार! पुस्तकं वाचून का कुठे पाना फिरवता येतो?"

शिष्याची कानशिले तापली. तो काही बोलणार इतक्यात मिस्त्रीने हाताच्या खुणेने त्याला थांबवले आणि ती कुपी व्यापाऱ्याच्या हाती दिली. "हिच्यावरची चिठ्ठी वाचा, शेठजी."

चिठ्ठीवर मिस्त्रीच्या ठसठशीत अक्षरात लिहिले होते: सीएनजीचा वास. अत्यंत घाण.

व्यापाऱ्याने चिठ्ठी एकदा वाचली, मग पुन्हा वाचली. शेजारी जुन्या टायरांची चळत होती, तिच्यावर तो मटकन बसला.

"सहा वर्षं झाली," तो अखेर म्हणाला. "एक ताप आला होता. ताप उतरला आणि जाताना वास घेऊन गेला. केवडा नाही, खस नाही, कांदासुद्धा नाही."

"मग दुकान कसं चालवता?" शिष्याच्या तोंडून निघून गेले.

"बाटल्यांच्या जागा पाठ आहेत. आणि गिऱ्हाईक फाया हुंगतं ना, तेव्हा मी त्याचं तोंड बघतो. भुवई चढली की समजायचं, पसंत. आज मिस्त्रींच्या तोंडावर काहीच उमटेना. मग मोगरा म्हणून टाकलं. लग्नसराईत दहातले सात तोच मागतात." त्याने मान खाली घातली. "बाजारात माझ्या नाकाची शपथ घेतात लोक. कुणाला आणि कसं सांगणार?"

मिस्त्री त्याच्या शेजारी बसला आणि म्हणाला, "शेठजी, हा वायू जमिनीच्या पोटातून निघतो तेव्हा त्याला वास नसतो. घरात कोंडला तरी कळायचा नाही. म्हणून जाणत्या माणसांनी त्यात मुद्दाम घाण मिसळली. मनात आणलं असतं तर सुगंधही मिसळता आला असता. पण सुगंधानं माणूस सुखावतो, उठून खिडकी उघडत नाही. कधीच गळणार नाही असा सांधा आजवर कुणी केलेला नाही. गळला तर आधी कळावं, एवढंच आपल्या हातात असतं. तुमचं नाक गेलं, यात तुमचा काही अपराध नाही. पण ते गेल्याचा वास तुम्ही कुणाला येऊ दिला नाहीत. उद्या नात टाकीच्या बाजूला निजलेली असेल, लेकीचा डोळा लागलेला असेल, आणि तुम्ही पुढे बसून निश्चिंतपणे म्हणाल, सगळं ठीक आहे."

व्यापाऱ्याने खिशातून फोन काढून कन्येला लावला. घाईत नको ते बटण दाबले जाऊन कन्येचा आवाज सर्वांना ऐकू येऊ लागला.

"ताई, एक सांगायचं होतं. मला... मला वास येत नाही गं. सहा वर्षं झाली."

"ठाऊक आहे, बाबा."

"ठाऊक आहे? केव्हापासून?"

"दिवाळीत दूध करपून घरभर वास सुटला आणि तुम्ही तिथेच पेपर वाचत बसला होतात, तेव्हापासून. आईला त्याच्याही आधीपासून ठाऊक आहे. आणि परवा बाळानं तुमच्या मांडीवर कार्यक्रम उरकला, तर अर्धा तास तसेच गाणी म्हणत बसला होतात! इतकं प्रेम कुणाचंही नसतं, बाबा."

शिष्य मोठ्याने हसला आणि हसल्याबद्दल लगेच क्षमा मागू लागला. पण व्यापारीच इतका हसत होता की त्याच्या डोळ्यांना पाणी आले. ते पाणी हसण्याचेच होते असे मात्र म्हणता येणार नाही.

"मग बोलला का नाहीत गं?"

"तुम्ही ते गुपित इतकं जपत होतात, आम्ही कसं बोलणार? आता बरं वाटलं. गाडी घेऊन या. गॅसची गाडी आहे ना, वाटेत वास घ्यायला मी जागी राहीन."

मिस्त्रीने कपाटातून वायू हुंगून घंटा वाजवणारे एक यंत्र काढले आणि शिष्याला ते डिकीत वरच्या अंगाला बसवण्यास सांगितले, कारण हा वायू हवेहून हलका असतो व वर चढतो. "यंत्रही कधी मुकं होतं," तो व्यापाऱ्याला म्हणाला, "म्हणून लेकीचं नाक आणि हे यंत्र, दोन्ही असू द्या. घंटा वाजली किंवा तिनं थांबा म्हटलं, की गाडी मोकळ्यावर घ्या, इंजिन बंद करा, सगळे उतरा, आणि टाकीची चावी फिरवून वायू बंद करा. गाडीत अत्तर मात्र शिंपडू नका."

"मी? अत्तर नको?" व्यापारी म्हणाला. "बरं, तेही कबूल."

शिष्य यंत्र बसवीत होता. मध्येच त्याचा हात थांबला. तो सरळ उभा राहून म्हणाला, "अण्णा, अकरावा सांधा पट्टीच्या मागं आहे. तिथं हात नीट पोचत नव्हता. वास येत नाही एवढंच पाहिलं आणि पत्रकावर खूण केली. फेस लावला नाही."

व्यापाऱ्याचा चेहरा पांढरा पडला. मिस्त्रीने फेसाचे भांडे आणि लांब दांड्याचा कुंचला आणून शिष्याच्या हाती दिला. शिष्याने पट्टीचे दोन बोल्ट सोडवले, ती बाजूला केली आणि सांध्यावर फेस लावला. तिघेही गुडघे टेकून पाहू लागले. फेस चकाकला, स्थिर राहिला, हळूहळू विरत गेला. बुडबुडा एकही उठला नाही. मिस्त्रीने आणखी एकदा फेस लावायला सांगितले. दुसऱ्यांदाही नाही.

"म्हणजे ठीकच होता," व्यापारी मोठा श्वास सोडून म्हणाला.

"सकाळीही ठीकच होता," मिस्त्री म्हणाला, "पण ते आपल्याला आत्ता कळलं." आणि शिष्याकडे वळून त्याने एवढेच सांगितले, "पट्टी घट्ट बसव. पत्रकावरची ती खूण खोड, नवी कर, आणि बाजूला वेळ लिही."

शिष्याने तसे केले. चार दिवसांत त्याचा हात इतका हलका कधी चालला नव्हता. पत्रक मिस्त्रीला देण्याऐवजी त्याने ते प्रथम व्यापाऱ्यापुढे धरले, आणि व्यापाऱ्याने अकराच्या अकरा ओळी बोट ठेवून वाचल्या.